विद्यार्थ्यांचे छंद : गाणे, पुस्तक आणि खेळ

कामगार संघटनेचा कार्यकर्ता वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर उभा राहिला, की तो बोनस, ग्रॅच्युइटी किंवा कंत्राटी पद्धत यांविषयीच बोलणार, असे श्रोते धरून चालतात. यंदा आम्ही कॉलेजातील विद्यार्थ्यांचे छंद हा विषय घेतला, तेव्हा काही मित्रांना नवल वाटले. विद्यार्थ्याला कोणते गाणे आवडते, तो कोणते पुस्तक वाचतो आणि संध्याकाळी कोणता खेळ खेळतो, याच्याशी युनियनचा संबंध काय, असे त्यांनी विचारले. संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. तो कसा, हेच येथे सांगावयाचे आहे.

आमच्या कचेरीत दर उन्हाळ्यात पुष्कळ मुले येतात. कोणाला अ‍ॅप्रेंटिसची जागा हवी असते, कोणाला अर्ज तपासून हवा असतो. अर्जात नाव, पत्ता, जन्मतारीख, परीक्षेचे गुण हे सारे झाल्यावर शेवटी एक ओळ असते, 'छंद'. त्या ओळीवर बहुतेकांचे उत्तर एकच : वाचन, संगीत ऐकणे, क्रिकेट. आम्ही विचारतो, "बाळ, शेवटचे पुस्तक कोणते वाचलेस?" मुलगा खाली पाहतो. "गाणे कोणाचे आवडते?" "सगळ्यांचीच आवडतात, काका." "क्रिकेट कुठल्या मैदानावर खेळतोस?" "खेळत नाही, मोबाईलवर बघतो."

मुलांची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. ओळ कोरी राहिली तर साहेब काय म्हणतील, या धास्तीने त्यांनी ती भरलेली असते. तरीपण मनाला एक गोष्ट लागते. अर्जातील बाकीच्या सर्व ओळी दुसऱ्यांनी दिलेल्या आहेत. नाव आईबापांनी दिले, आडनाव घराण्याने, गुण परीक्षकांनी. स्वतःचे म्हणून लिहिता येईल अशी ती एकच ओळ, आणि नेमकी तीच उसनी असावी, हे काही बरे नाही.

प्रथम शब्दाची थोडी चौकशी करू. संस्कृतात छंद म्हणजे इच्छा. स्वच्छंद हा शब्द त्याच घरचा. 'छंदस्' म्हणजे कवितेचे वृत्त. आपल्या बोलीत मात्र या शब्दाकडे वडीलधारी मंडळी जरा संशयानेच पाहतात. 'छंदीफंदी' हे काही स्तुतीचे विशेषण नव्हे. 'नाद' म्हणजे खरे पाहता मधुर ध्वनी. परंतु 'पोरगा नादी लागला' म्हटले की घरात दिवा मालवल्यासारखे होते. हा संशय अगदीच खोटा नाही. करमणूक, व्यसन आणि छंद या तीन वस्तू शेजारी शेजारी राहतात आणि लांबून सारख्याच दिसतात. म्हणून त्यांतील फरक नीट पाहिला पाहिजे.

करमणुकीने वेळ जातो. दमलेल्या माणसाला ती हवीच, तिच्यात कमीपणा काही नाही. व्यसनात वेळ जातो आणि त्याबरोबर माणूसही जातो. तेथे आपण वस्तूला धरीत नाही, वस्तू आपल्याला धरते. छंदात वेळ जातो, परंतु मागे काहीतरी उरते. आमची कसोटी साधी आहे. महिन्यापूर्वी या गोष्टीतले आपल्याला जेवढे कळत होते, त्यापेक्षा आज थोडे अधिक कळते काय? 'होय' असे उत्तर आले तर तो छंद. या कसोटीने नुसते क्रिकेट पाहणेदेखील छंद ठरू शकते, जर गोलंदाज बदलल्यावर कप्तानाने क्षेत्ररक्षण का हलविले याचा विचार पाहणारा करीत असेल. उलट रोज व्यायामशाळेत जाऊन आरशात फोटो काढणे हा छंद ठरेलच असे नाही.

आता वेळेकडे येऊ. छंदाला पैसा कमी लागला तरी चालते, वेळेवाचून मात्र चालत नाही. हा मोकळा वेळ कोठून आला, हे आजच्या विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही. तो पावसासारखा आकाशातून पडला नाही. मुंबईच्या गिरण्यांत एकोणिसाव्या शतकात कामाचा दिवस सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत असे. विजेचे दिवे आल्यावर तर कित्येक गिरण्यांत तो चौदा-पंधरा तासांवर गेला. आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली, सभा भरविल्या, हजारो सह्यांचे अर्ज केले. अखेर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या मंडळाने रविवारची सुट्टी मान्य केली. आज रविवारी सकाळी मुलगा बॅट घेऊन बाहेर पडतो, त्या सकाळीच्या मागे हा इतिहास उभा आहे.

रोजचे तासही असेच एकेक करून सोडवावे लागले. १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतील प्रौढ पुरुषाचा दिवस बारा तासांवर आणला. १९२२ च्या कायद्याने अकरा तासांचा दिवस व साठ तासांचा आठवडा ठरला. १९३४ साली दहा व चोपन्न, १९४६ साली नऊ व अठ्ठेचाळीस. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने हीच चौकट कायम केली. बारापासून नवापर्यंत येण्यास पस्तीस वर्षे लागली. या पस्तीस वर्षांत किती संप झाले, किती चुली विझल्या, याची जंत्री आम्ही देत नाही. इतकेच सांगतो की, दिवसाचे तीन तास मिळविण्यास एक पिढी खर्ची पडली.

जगातही असेच घडले. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरी पाथरवटांनी १८५६ साली आठ तासांचा दिवस मिळविला. चळवळीचे मागणे तीन भागांचे होते : आठ तास काम, आठ तास झोप आणि आठ तास स्वतःचे. शिकागो येथे १८८६ च्या मे महिन्यात याच मागणीसाठी रक्त सांडले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९१९ साली आपला पहिलाच करार कामाच्या तासांविषयी केला, आणि १९२४ साली कामगारांच्या मोकळ्या वेळेच्या उपयोगाविषयी एक स्वतंत्र शिफारस मंजूर केली. तास कमी करणे हे अर्धे काम आहे, त्या तासांचे काय करावयाचे हे उरलेले अर्धे, ही गोष्ट त्या काळच्या लोकांनी ओळखली होती.

आम्ही स्वतः सातवीनंतर शाळा सोडली आणि यंत्रमागाच्या एका शेडमध्ये कांड्या भरावयास लागलो. पाळी बारा तासांची. एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. कायदा पुस्तकात होता, परंतु लहान शेडमध्ये तो क्वचितच डोकावे. आमचे शिक्षण पुढे जे काही झाले ते नगर वाचनालयाच्या बाकावर झाले. म्हणून मोकळा तास ही काय चीज आहे, हे आम्हाला पुस्तकातून शिकावे लागले नाही. तीच दृष्टी घेऊन आता गाणे, पुस्तक आणि खेळ या विद्यार्थ्यांच्या तीन आवडी एकेक करून पाहू.

गाणे

आजच्या विद्यार्थ्याच्या खिशात जेवढे संगीत आहे, तेवढे पूर्वी एखाद्या संस्थानिकाच्या दरबारीही नसेल. १९५५ च्या एप्रिलपासून वर्षभर पुणे आकाशवाणीवर गीतरामायण झाले, तेव्हा गदिमांचे शब्द आणि सुधीर फडक्यांचे स्वर आठवड्याला एका नव्या गीताच्या हिशेबाने घरात येत. छप्पन्न गाण्यांना श्रोत्यांनी एक वर्ष वाट पाहिली. त्या वाट पाहण्यानेच अर्धे ऐकणे होऊन जाई. आता छप्पन्न गाणी एका बसच्या प्रवासात संपतात. त्यांपैकी बरीचशी अर्ध्यावरच बदलली जातात. दोष गाण्यांचा नाही आणि यंत्राचाही नाही. वाढणारा हात थांबत नसला म्हणजे जेवणाराला चव कळत नाही, तसा हा प्रकार आहे.

यावर आम्ही मुलांना एक उपाय सांगतो. आवडीचे एकच गाणे घ्यावे आणि ते तीनदा ऐकावे. पहिल्यांदा फक्त शब्द. दुसऱ्यांदा फक्त ताल. मांडीवर बोटांनी मात्रा मोजाव्यात. आपली पुष्कळशी भावगीते आणि सिनेमाची गाणी सहा मात्रांच्या दादऱ्यात किंवा आठ मात्रांच्या केरव्यात बसलेली असतात. सहा की आठ, एवढे ओळखता आले की गाण्याचे एक दार उघडले. पुढे सोळा मात्रांचा तीनताल आहे. त्याची सम पहिल्या मात्रेवर आणि खाली नवव्या मात्रेवर. गवई फिरून फिरून समेवर येतो तेव्हा जाणते श्रोते मान का हलवितात, हे तेव्हा आपोआप उमगते. तिसऱ्यांदा शब्द आणि ठेका सोडून मागची वाद्ये ऐकावीत. हे गाणे रॅपचे असो, लावणीचे असो की विलायती बँडचे असो, रीत तीच. आवड कोणती असावी हे आम्ही सांगत नाही. आवडीत शिरावे कसे एवढेच सांगतो.

विद्यार्थिदशेतला गाण्याचा नाद कोठवर जाऊ शकतो, याचे उदाहरण म्हणजे पंडित विष्णू नारायण भातखंडे. मुंबईत कॉलेजात शिकत असताना ते सतार शिकले आणि गायन उत्तेजक मंडळीत जाऊ लागले. पुढे १८८७ साली कायद्याची पदवी घेऊन त्यांनी वकिली धरली. पोटाचा धंदा वकिली आणि जिवाचा धंदा गाणे. त्या जिवाच्या धंद्यासाठी ते देशभर हिंडले, उस्तादांच्या घराण्यांत अडकून पडलेल्या चिजा त्यांनी गोळा केल्या, रागांची दहा थाटांत मांडणी केली आणि क्रमिक पुस्तक मालिकेचे सहा भाग सिद्ध केले. गाण्याचे दार सामान्य विद्यार्थ्याला खुले करून देणाऱ्यांत एक वकील अग्रभागी होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पुस्तक

वाचनाविषयी मुले म्हणतात, "काका, अभ्यासाचेच इतके असते की दुसरे वाचायला वेळ कुठे?" यात तथ्य आहे. परंतु अभ्यासाचे पुस्तक आणि आवडीचे पुस्तक यांत मूळचाच भेद आहे. अभ्यासाच्या पुस्तकात प्रश्न दुसऱ्याचे असतात आणि उत्तरे आपण द्यावयाची असतात. आवडीच्या पुस्तकात प्रश्न आपले असतात. म्हणूनच ते पुस्तक अर्ध्यावर टाकून देण्याचा हक्क वाचकाला आहे, आणि हा हक्क मुलांनी न लाजता वापरावा. पन्नास पानांत जे पुस्तक धरून ठेवीत नाही, ते परत करून दुसरे घ्यावे. एक पुस्तक डोक्यावर ओझ्यासारखे वाहण्यापेक्षा चार चाळून पाचवे सापडलेले बरे.

वाचन हा बड्या घरच्या मुलांचा शौक आहे, असा एक समज असतो. मराठी वाङ्मयानेच तो मोडून काढला आहे. नारायण सुर्वे यांना अर्भकावस्थेत एका गिरणी कामगाराने उचलून घरी आणले. ते गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले, मग शिक्षक झाले, आणि 'ऐसा गा मी ब्रह्म' हा त्यांचा पहिला संग्रह १९६२ साली निघाला. त्यांच्या १९६६ च्या संग्रहाचे नाव 'माझे विद्यापीठ' आहे. हे विद्यापीठ कोठले, ते गिरणगावात राहिलेल्याला सांगावे लागत नाही. अण्णा भाऊ साठे यांची शाळा तर जेमतेम दीड दिवसाची सांगतात. त्यांनी मुंबईत पाट्या वाचून अक्षरे पक्की केली आणि पुढे 'फकिरा' लिहिली. त्याच्याही पुष्कळ आधी, १८५५ साली, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. दिवस मालकाचा होता, म्हणून विद्येने रात्रीची वेळ धरली.

महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि गावोगावच्या वाचनालयांना सरकारी अनुदानाचा आधार मिळाला. आपल्या शहराच्या वाचनालयात आज जाऊन पाहा. वर्तमानपत्राच्या टेबलाशी आमच्या वयाची मंडळी असतात, आणि अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांच्या जाड्या पुस्तकांवर तरुण मुले वाकलेली असतात. मधली कपाटे, जेथे कथा, कविता, प्रवास, चरित्रे आहेत, तेथे मात्र बरीचशी शांतता असते. ती कपाटे वाजती करणे हे काम ग्रंथपालांवर सोडून चालणार नाही. कॉलेजातल्या प्राध्यापकांनी आणि घरातल्या वडीलमंडळींनी स्वतः त्या कपाटांशी उभे राहिलेले दिसले पाहिजे.

खेळ

खेळांत आम्ही एकच खेळ उलगडून दाखवितो, खो-खो. त्याला महागडे साहित्य लागत नाही. दोन खांब, मधली एक पाटी आणि तीवर आठ चौकोन. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी या चौकोनांत एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववा उभा राहून पळणाऱ्याच्या मागे लागतो. उभ्या गड्याने एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत ती बदलावयाची नाही, मधली पाटी ओलांडावयाची नाही. पळणारा मात्र कसाही वळू शकतो, बसलेल्यांच्या मधून निसटू शकतो. मग त्याला पकडावयाचे कसे? बसलेल्या गड्याच्या पाठीला हात लावून 'खो' द्यावयाचा. ज्याला खो मिळाला तो उठतो आणि ज्याने दिला तो त्याच्या जागी बसतो.

या नियमांकडे जरा निरखून पाहा. एकट्याच्या पायांत कितीही वेग असला तरी तो पुरा पडत नाही, कारण नियमांनी त्याला बांधलेले आहे. वेळेवर खो देऊन खाली बसण्याची ज्याची तयारी आहे, तोच चांगला खेळाडू. आणि बसलेल्याने ढिले बसून चालत नाही. कोणत्या क्षणी पाठीवर हात पडेल याचा नेम नसतो. संघटना म्हणजे काय, हे आम्ही पुष्कळ शिबिरांतून सांगितले, परंतु या खेळाइतके नीट आम्हाला सांगता आले नाही.

या खेळाचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास बांधले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्ली येथे त्याची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि पुरुष व महिला या दोन्ही गटांत भारताने नेपाळला हरवून अजिंक्यपद मिळविले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कप्तान महाराष्ट्राचे. मातीतला खेळ जगाच्या मैदानावर गेला, याचा आनंद आहेच. परंतु आपल्या गावात ती माती किती उरली आहे, हा प्रश्न त्या आनंदाच्या पोटात आहे.

पडद्यावरचे सगळेच खेळ वाईट, असे आम्ही म्हणणार नाही. बुद्धिबळाचा सराव आज मुले पडद्यावरच मोठ्या प्रमाणात करतात. नागपूरच्या दिव्या देशमुख हिने जुलै २०२५ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. पडदा हे साधन आहे. परंतु त्याच पडद्यावर पैसे लावून खेळावयाचे जे खेळ होते, त्यांनी किती तरुण कामगारांचे पगार पहिल्याच आठवड्यात गिळले, हे आम्ही जवळून पाहिले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कायदा करून असल्या पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, ही चांगली गोष्ट झाली. छंद आणि व्यसन यांतला फरक ज्याला पाहावयाचा असेल, त्याने बुद्धिबळाचा पट आणि पैशांचा डाव शेजारी ठेवून पाहावेत.

याचा उपयोग काय?

हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. बाप विचारतो, आई विचारते, कधी कधी मुलगा स्वतःलाच विचारतो. याला एक उत्तर नेहमी देण्यात येते, की छंदातून माणसे मोठी होतात. उदाहरणही उत्तम आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर फर्ग्युसन कॉलेजात शिकत असताना, १९२७ साली, त्यांना गणितातील स्वतंत्र कामाबद्दल रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले. पुढे १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीस शाळामास्तर होते. आकड्यांशी खेळणे हा त्यांचा नाद. आगगाडीच्या प्रवासात डोंबिवली स्थानकावर सुचलेल्या संख्यांना त्यांनी स्थानकाच्या तत्कालीन नावावरून 'डेम्लो' म्हटले. १९४९ साली त्यांनी ६१७४ या संख्येची गंमत विद्वानांपुढे ठेवली.

गंमत अशी : चार अंकांची कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचे पुन्हा तसेच करा. फार तर सात वेळा केल्यावर ६१७४ येतेच. रविवारच्या सुट्टीचे साल १८९० घेऊन पाहू. ९८१० वजा ०१८९, म्हणजे ९६२१. ९६२१ वजा १२६९, म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८, म्हणजे ६१७४. तीन पायऱ्यांत मुक्काम आला. हे काम करण्यास पाटी आणि पेन्सिल पुरते. कित्येक वर्षे काही विद्वानांनी याला पोरखेळ मानले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी एका प्रसिद्ध अमेरिकन विज्ञान मासिकात कापरेकरांविषयी लिहिले, आणि मास्तरांचे नाव जगभर झाले.

परंतु श्रोते हो, या उत्तरावर आमचे समाधान नाही. एका कापरेकरांच्या मागे हजार माणसे अशी असतील, की ज्यांनी आयुष्यभर काही जोपासले आणि ज्यांचे नाव गल्लीच्या बाहेर गेले नाही. त्यांचे श्रम वाया गेले काय? छंदाचा हिशेब प्रसिद्धीने किंवा पैशाने करू लागलो, की तोही एक नोकरीच होऊन बसतो. आजकाल तर पाच वर्षांच्या मुलाने ढोलकीवर थाप मारली, की त्याला कोणत्या स्पर्धेत पाठवावयाचे याची चर्चा सुरू होते. थोडे थांबावे. मुलाला वाजवू द्यावे.

आमच्या मते उपयोग निराळाच आहे. कामावर माणूस हजेरीपटावरचा एक क्रमांक असतो. त्याने काय करावे, किती वेगाने करावे, केव्हा थांबावे, हे दुसरा ठरवितो. छंदात मात्र कोणी मुकादम पाहत नसताना तो एखादी गोष्ट नीट करतो. चुकली तर पुन्हा करतो, आणि ती साधली म्हणजे कोणी शाबासकी दिली नाही तरी त्याची त्याला कळते. हा अनुभव ज्याने घेतला, तो अपमान निमूटपणे गिळीत नाही. आमच्या संघटनेतले खंदे कार्यकर्ते आठवून पाहिले, तर कोणी भजनात पखवाज वाजविणारा, कोणी कबड्डीतला जुना गडी, कोणी वाचनालयातला रोजचा वाचक. हा निव्वळ योगायोग नसावा.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. आपल्या मोकळ्या वेळेचे काय करावे हे ज्याला ठाऊक नाही, तो ती वेळ स्वस्तात विकतो. चार तासांचा ओव्हरटाइम पुढे आला, की तो लगेच हात वर करतो. ज्याच्या घरात चूल पेटत नाही, त्याने हात वर केला तर त्याला बोल लावण्याचा अधिकार कोणालाच नाही. परंतु घरी जाऊन करावयाचे काय, हे सुचत नाही म्हणून थांबणारे तरुणही आम्ही पाहतो. उलट ज्याची संध्याकाळी सहाला तालीम आहे, ज्याचे पुस्तक अर्धे राहिले आहे, ज्याची मैदानावर वाट पाहणारी माणसे आहेत, त्याला आपल्या तासाची किंमत माहीत असते. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाच्या कामाची कमाल मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत नेण्याच्या बदलास मंजुरी दिली. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास कायम राहतील आणि जादा तासांचा जादा मोबदला मिळेल, असे सांगण्यात आले. बाराचे नऊ होण्यास पस्तीस वर्षे लागली होती. नवाचे बारा करण्याचा ठराव एका बैठकीत होतो. असल्या प्रसंगी मोर्चात कोण येईल? ज्याला संध्याकाळ हवी आहे, तो येईल. ज्याची संध्याकाळ रिकामीच आहे, त्याला ती गेल्याचे कळणारही नाही. विद्यार्थ्यांच्या छंदांशी युनियनचा संबंध आहे तो हा.

मात्र सगळा भार विद्यार्थ्यांवर टाकून आपण मोकळे होऊ नये. मैदानावर गाड्यांचा तळ झाला, तर खो-खो खेळावयाचा कोठे? मुंबईच्या गिरणगावात बारा तास राबून आलेली माणसे रात्री भजनाला बसत, चाळींच्या मधल्या जागेत कबड्डीचे सामने रंगत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, त्या जागी मनोरे उभे राहिले, आणि त्या मंडळांची व मैदानांची पुष्कळशी जागाही त्यांतच गेली. छंद मनात उगवतो हे खरे, पण त्याला उभे राहावयास जमीन लागते. महाराष्ट्रात कामगार कल्याण मंडळाची केंद्रे आहेत, नगरपालिकांच्या व्यायामशाळा आहेत, वाचनालये आहेत. ती संध्याकाळी कामावरून सुटण्याच्या वेळेनंतर उघडी असतात काय, हे नागरिकांनी जाऊन पाहावे आणि नसल्यास विचारावे.

आणखी एक गोष्ट मुलींविषयी. मुलींच्या अर्जांत छंदाच्या ओळीवर 'स्वयंपाक, रांगोळी, शिवणकाम' असे फार वेळा दिसते. कोणाला ते मनापासून आवडत असेल तर उत्तमच. परंतु घरकामालाच छंद म्हणावयाचे आणि तिच्या मोकळ्या तासाची मागणीच मिटवून टाकावयाची, असे तर होत नाही ना? कॉलेजातून घरी आल्यावर भाऊ मैदानावर जातो आणि बहीण भांड्यांपाशी जाते. लोखंड्यांनी रविवार मिळविला तो गिरणीच्या मालकाकडून. घरातला रविवार बहिणीला अजून मिळावयाचा आहे. तो देण्यास कायदा लागत नाही, भावाने दोन भांडी घासली म्हणजे पुरते.

तेव्हा विद्यार्थी मित्रांना आमचे सांगणे थोडक्यात असे. दिवसातला एक तास आपला म्हणून ठरवा. त्यात काय करावयाचे ते कोणाला विचारू नका आणि कोणाला दाखविण्यासाठी करू नका. एक गाणे तीनदा ऐका, वाचनालयाच्या मधल्या कपाटातून एक पुस्तक आणा, आठवड्यातून दोनदा तरी घाम येईपर्यंत खेळा. आणि तो तास कोणी मागावयास आला, मग तो मालक असो, कंपनी असो की हातातला पडदा असो, तर देण्यापूर्वी विचारा की मोबदला काय. तुमच्याआधीच्या माणसांनी त्याची पुरी किंमत मोजलेली आहे.